पांढऱ्या बोटांची थंडी

यंदा दिवाळीत थंडी आलीच नाही. आकाशकंदील काढून ठेवले, फराळाचे डबे रिकामे झाले, तरी झोपताना पंखा लागत होता. मग एका सकाळी रहाटणीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. समोरच्या गाड्यावर पोह्यांची वाफ नेहमीपेक्षा दाट दिसत होती. आणि माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी झाली. खडूसारखी. जिथं पांढरं संपतं तिथं सरळ रेघ, कुणी पट्टी ठेवून आखावी तशी. मी हात जॅकेटच्या खिशात घातला. लोकांना थंडी कानाला कळते, नाकाच्या शेंड्याला कळते. मला ती अशी कळते, डोळ्यांनी.

पांढऱ्या बोटांचं एक आहे, ती दुखत नाहीत. दुखणं नंतर येतं, रक्त परतताना. आधी बोटं निळसर होतात, मग लाल, आणि मग आत कुणी सुया टोचाव्यात तशी ठणकत राहतात. पण पांढरी असतात तोवर काहीच नाही. चहाचा ग्लास बघून धरावा लागतो. खिशात किल्ली हाताला लागली की सुटं नाणं, हे बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. आपल्याच हाताला जोडलेली, पण दुसऱ्या कुणाची तरी वाटावीत अशी बोटं.

बस आली. खिडकीशी बसलो आणि चाकण येईपर्यंत ती थंडी आठवत राहिलो. तीन हिवाळ्यांपूर्वीची. आठवत राहिलो असं म्हणतो खरा, पण त्या थंडीत मला काय वाटत होतं ते आठवत नाही. फक्त दिसलेलं आठवतं. गॅलरीतल्या दोरीवर न वाळणारे कपडे. समोरच्या बिल्डिंगची प्लॅस्टर न केलेली भिंत. शाळेच्या स्वेटरची तुटलेली चेन. आणि पाणी.

अनिता, माझी बायको, त्या वर्षी पावसाळा सरता सरता गेली. डेंग्यू झाला होता. ताप चढला, मग उतरला, आम्हाला वाटलं सुटलो, आणि ताप उतरल्यावरच ती ढासळली. तिच्या आईला, म्हणजे मामींना, निरोप गेला तेव्हा त्या केजजवळच्या त्यांच्या गावी शेतात होत्या. मिळेल ती एसटी धरून निघाल्या, नगर रोडच्या गर्दीत अडकल्या आणि पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. अनिता दुपारीच गेली होती. हॉस्पिटलच्या दारात मामींनी मला काहीच विचारलं नाही. एकदा माझ्याकडं बघितलं आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या ईश्वरीला, आमच्या मुलीला, पदराखाली घेतलं.

दिवस झाले, पाहुणे पांगले, मामी राहिल्या. ईश्वरी तेव्हा तिसरीत होती. तिचा डबा, तिची वेणी, तिचा अभ्यास, सगळं मामींनी न सांगता अंगावर घेतलं. मी कामावर जायला लागलो. मी रडलो नाही. माझ्या थोरल्या भावानं जाताना खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मोकळा हो रे एकदा." मी मान हलवली. मोकळं होण्यासाठी आत काही साठलेलं असावं लागतं. मी आत बघायचो तर काही दिसायचं नाही. भूक लागायची, झोप यायची, बस पकडायचो. शेजारचे लोक मला जिन्यात वाट करून द्यायचे, तेवढा एक फरक पडला होता.

चाकणच्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी फेटलिंगला होतो. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडांना जादा लोखंड चिकटलेलं असतं. ते हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायचं, हे माझं काम. ठिणग्या डोळ्यांपुढं उडतात, पण खरं काम चालतं ते तळहातात. ग्राइंडर थरथरतो, ती थरथर मनगटातून कोपरात जाते आणि शिफ्ट संपली तरी जात नाही. बसमध्ये सीटच्या दांड्याला धरलं तरी हात गुणगुणत असतो. आयटीआय झाल्यापासून मी तेच करत होतो. आदल्या दोन हिवाळ्यांपासून बोटं पांढरी पडायला लागली होती. कंपनीत बोललो नव्हतो, बोललं की माणूस बाजूला पडतो. घरात अनिताला माहीत होतं. सकाळी माझ्या शर्टाची बटणं तीच लावायची. लावता लावता म्हणायची, "दाखवा ना एकदा डॉक्टरला." मी म्हणायचो, उन्हाळ्यात बरं होतं.

ती गेल्यावर मी टी-शर्ट घालायला लागलो.

घरात आम्ही तिघं होतो आणि आवाज एकाचाच होता, तोही ईश्वरीचा. आमच्याकडं सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही, अगदीच नाइलाज झाला तर बोलते. मामी पदर सावरून स्वयंपाकघराच्या चौकटीआड उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "ईसरी, तुज्या बाबाला इचार, भाकर वाढू का आजून." ईश्वरी माझ्याकडं वळून म्हणायची, "बाबा, आजी विचारतेय भाकरी वाढू का." मी म्हणायचो, "नको म्हणावं." ईश्वरी पुन्हा वळायची. मधे हातभर अंतर असायचं. गावी पाहुण्यांनी भरलेल्या घरात ही रीत सहज निभते. रहाटणीच्या दोन खोल्यांत ती पाळायची म्हणजे दोघांनी सारखं भिंतीकडं बघत राहायचं.

मग मार्गशीर्षात थंडी कडक झाली आणि एका सकाळी कंपनीत माझ्या हातून कास्टिंग सुटलं. सुटलं हेही मला बुटावर आपटल्यावर कळलं. सेफ्टी शूज होते म्हणून पाय वाचला. आमचे सुपरवायझर चिखलीचे, जुन्या गावातले. त्यांनी मशीन बंद करायला लावली आणि माझे हातमोजे स्वतःच्या हातांनी काढले. बोटं उजेडाकडं धरून बघितली.

"कवापासून हाय ह्ये?"

"दोनेक वर्षं."

"आन् आमाला सांगाया तोंड न्हाई व्हय, राव? काढून टाकलं आस्तं का तुला?"

मी काढलेले हातमोजे एकात एक घातले. त्यांना वाटलं मी घाबरलोय. मी घाबरलेला नव्हतो. ते मला तिथल्या तिथं घरी जा म्हणाले असते तरी मी डबा उचलून चालू लागलो असतो. त्यांनी मला ग्राइंडरवरून काढून तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षांच्या थरथरीनं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यात, त्या थंडी लागली की आवळून घेतात आणि रक्त आत येऊ देत नाहीत. ग्राइंडर कायमचा बंद, तंबाखू बंद. आणि काळेवाडीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडं जा म्हणाले.

ती एक तरुण मुलगी होती, तळमजल्यावरच्या दुकानाच्या गाळ्यात दवाखाना थाटलेली. तिनं माझी बोटं दाबून बघितली, नख दाबून सोडल्यावर लाली किती हळू परतते ते मलाही दाखवलं.

"दादा, तुमच्या शरीराला एक चुकीची सवय लागलीय," ती म्हणाली. "गार वारा लागला की ते बोटांचा रक्तपुरवठाच तोडतं. ती सवय आपण मोडून बघू. पहाटेच्या गारठ्यात बाहेर बसायचं, अंगात पातळ शर्ट. हुडहुडी भरू दे. पण हात मात्र गरम पाण्यात. थोड्या वेळानं घरात उबेला यायचं, तिथंही हात गरम पाण्यात. परत बाहेर. असं रोज. हळूहळू शरीर शिकतं, की थंडी असली तरी बोटांना रक्त द्यायचं. सगळ्यांचं शिकतंच असं नाही, आधीच सांगते."

"आणि पाणी किती गरम?"

"ते तुम्ही नाही बघायचं. घरातलं दुसरं कुणीतरी बघेल. तुमची बोटं आत्ता खोटं सांगतील."

घरातलं दुसरं कुणीतरी. मी रिक्षा न करता चालत रहाटणीला आलो आणि वाटेत एवढंच ठरवलं, की कुणाला सांगायची गरज नाही.

दुसऱ्या सकाळी लवकर उठून बादलीत हीटरचा रॉड टाकला. पाणी पातेल्यात ओतलं, गॅलरीत नेलं, जमिनीवर बसलो आणि बोटं आत घातली. काहीच वाटलं नाही. मी बोटं आणखी खाली नेली. समोरच्या भिंतीवर कबुतरं अंग फुगवून बसली होती, त्यांच्याकडं बघत राहिलो. पाठीमागून ईश्वरीचा आवाज आला, झोपेतून उठून आली होती.

"बाबा, वाफ बघा किती येतेय! बाबा!"

त्याच वेळी पाणी मनगटाला लागलं आणि कळलं. तोवर मामी स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या.

"पाव्हणं, हात काडा! आदी हात काडा!"

एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर मागं पडला होता. मी हात बाहेर काढले. बोटं लाल झाली होती आणि दोन ठिकाणी कातडी सुटून वर आली होती. मी ती बघत होतो, त्या बघत होत्या, ईश्वरी रडत होती. तिघांत तिला एकटीलाच भाजल्यासारखं दिसत होतं.

फोड सुकत होते तेव्हा ईश्वरीनं खोदून खोदून विचारलं आणि मी फिजिओथेरपिस्टचं सगळं तिला सांगितलं, चौकटीआड मामी ऐकत होत्या. सुकले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी उठलो तर गॅलरीत जुनं गोणपाट चौघडी करून अंथरलेलं होतं. मामी एक पसरट पातेलं घेऊन आल्या. मराठवाड्यात त्याला भगुनं म्हणतात. आमच्या घरात आजही त्याचं तेच नाव आहे. त्यांनी ते गोणपाटासमोर ठेवलं, बाही सारून कोपर पाण्यात बुडवलं, तान्ह्या लेकराच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं.

"ईसरी, तुज्या बाबाला म्हनाव, बसा आता."

ईश्वरी अंथरुणात गाढ झोपली होती. मी बसलो.

मग ते रोजचं झालं. त्या दिवसांतली सकाळ मला आजही तुकड्यातुकड्यांनी दिसते. पवनेकडून येणारा ओलसर गारवा. टाकी भरून वाहायला लागली की गच्चीवरून पडणारी पाण्याची धार. खाली स्कूटरला किक मारून मारून थकलेला कुणीतरी. कंपन्यांच्या पहिल्या बसचे हॉर्न. दोन बिल्डिंगांच्या फटीतून ऊन उशिरा यायचं आणि आलं तरी आधी चौथ्या मजल्याला मिळायचं. मी पातळ शर्टात दात वाजवत बसायचो आणि मनगटाखाली मात्र उन्हाळा असायचा. एकाच अंगात दोन ऋतू. पाणी निवलं की मामी ते काढून दुसरं आणायच्या, मला आत जायची खूण करायच्या, आतल्या खोलीत खिडक्या लावून ठेवलेल्या असायच्या. मग परत बाहेर. पहिले कितीतरी दिवस काही घडलं नाही. बोटं पाण्यात पांढरीच दिसायची, पाण्याखाली ठेवलेल्या मेणबत्त्यांसारखी.

समोरच्या गॅलरीतला एक जण दात घासत आमच्याकडं बघायचा. एकदा न राहवून ओरडला, "काय भाऊ, मेंदी काढली का काय?"

मी काही म्हणायच्या आत मामी म्हणाल्या, "रगताला वाट शिकवायलोत!"

तो ब्रश तोंडात तसाच ठेवून हसला. मामी हसल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्या आत जायच्या थांबल्या. माझ्यापासून जरा अंतरावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, भाजी निवडत किंवा नुसत्याच बसायला लागल्या. ईश्वरी शाळेला गेली की आमच्यात कुणी दुभाषी उरायचा नाही. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याशी नव्हे, पातेल्याशी.

"अनि ल्हान व्हती तवा न्हायला लई तरास द्यायची. थंडीत तर इचारूच नका. चुलवनावर पानी तापायचं, मी धरून आनायची तिला शेतातनं. तांब्या उचलला की वरडायची. आजून पानी आंगावर पडलंच न्हाई, तरी वरडायची."

मी मान हलवली.

"कदी भाजलं न्हाई तिला. पर वरडायची."

अनिता माझ्यासमोर कधी ओरडल्याचं मला आठवत नव्हतं. मी तिला शेतातून पळताना डोळ्यांसमोर आणून बघितलं. चित्र स्वच्छ आलं, अगदी पायाची धूळसुद्धा. पण ते दुसऱ्याच्या अल्बमातल्या फोटोसारखं होतं. बघितलं आणि पान उलटलं.

पौषात एका सकाळी, बोटं पाण्यात घालून थोडाच वेळ झाला असेल, ती ठणकायला लागली. इतकी, की मी दात आवळले. मामींनी घाबरून कोपर बुडवलं, पाणी बेतानंच गरम होतं. बोटांची टोकं गुलाबी झाली होती. त्या गारठ्यात, बाहेर बसून. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं होतं की दुखलं तर समजा रक्त येतंय. मी मामींना तसं सांगितलं. त्या माझ्या बोटांकडं बराच वेळ बघत बसल्या. मग त्यांनी नजर काढून रस्त्याकडं नेली आणि म्हणाल्या,

"परीक्षा झाली की ईसरीला गावाकडं न्यावी म्हनते. तिचा मामा हाय, शाळा हाय. तुमी एकलं कसं करनार पोरीचं."

"बरं," मी म्हणालो.

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. बोटं ठणकत होती, तेवढंच मला कळत होतं. आत दारामागं ईश्वरी बुटाची नाडी बांधत बसली होती. ती उठली, दप्तर घेतलं आणि आम्हाला काही न सांगता जिना उतरून गेली.

संध्याकाळी मी कामावरून आलो तर ती वहीत समास आखत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी गावाला गेले तर तुम्हाला चालेल?"

"तुला चालेल का?"

"मला माहीत नाही. तुम्ही आधी सांगा."

मी सांगू शकलो नाही. मी मनात शोधलं. नको वाटतंय का, हो वाटतंय का, बरं वाटतंय का, काहीतरी. आत कुकर शिट्टी देत होता. मी उठून दिवा लावला. ईश्वरीनं माझ्याकडं बघितलं, मग समास आखायला लागली. पट्टीवर तिची बोटं इतकी घट्ट दाबलेली होती, की नखं पांढरी झाली होती. तिची बोटं लगेच परत गुलाबी व्हायची. ती निरोगी होती.

संक्रांत झाली. मामींनी गावाहून आलेल्या तिळाचे लाडू केले. आमच्या दारात हळदीकुंकवाला कुणी आलं नाही. त्यानंतरच्या आठवड्यात थंडीची शेवटची मोठी लाट आली. पाणी नळातून येतानाच हाताला चावायचं. त्यातल्या एका सकाळी मामी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. हातात काही काम नव्हतं.

"पाव्हणं, एक इचारू?"

"विचारा ना."

विचारायला त्यांना वेळ लागला. खालून भंगारवाला ओरडत गेला, त्याचा आवाज वळणापलीकडं जाईपर्यंत त्या थांबल्या.

"माज्या अनिपाशी शेवटाला कुनी व्हतं का?"

एसटीतून उतरल्यापासून हा प्रश्न त्यांच्यापाशी होता, हे मला तेव्हा कळलं. हॉस्पिटलच्या दारात माझ्याकडं बघून त्यांनी विचारला नव्हता तो हाच.

"मी होतो," मी म्हणालो. आणि मग सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं ते, सलग, पाण्याकडं बघत. "सकाळी ताप नव्हता तिला. म्हणाली, बरं वाटतंय, पण थकवा आलाय. हात द्या म्हणाली, तो दिला. ईश्वरीच्या डब्याचं काय केलं ते विचारलं. मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मी हात धरून बसलो. बराच वेळ बसलो. मग सिस्टर आली. तिनं अनिताचा दुसरा हात धरला आणि मला विचारलं, हात कधीपासून एवढे गार पडलेत? मला सांगता आलं नाही, मामी. मी हात धरून बसलो होतो आणि मला कळलंच नव्हतं. सिस्टर पळत गेली. माणसं आली, तिला वर आयसीयूत नेलं. ती परत खाली आली नाही."

आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

कबुतरं उडाली आणि पुन्हा समोरच्या भिंतीवर येऊन बसली. पाणी निवत होतं. नेहमी त्यांना ते माझ्याआधी कळायचं, त्या दिवशी त्या उठल्या नाहीत.

"तिला वर नेताना हात सोडला का तुमी?"

"नाही. सिस्टरनं सोडवला."

"तवर धरलेला व्हता."

"हो."

"म्हंजी एकली न्हवती," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, एकलीच पडली आसंल खाटंवर. एसटीत बसल्यापासनं त्येच डोस्क्यात." मग रोजच्या स्वयंपाकाचं बोलावं तशा सुरात म्हणाल्या, "तिला कळलं आसंल की. हात तुमचा बधिर व्हता, पाव्हणं. तिचा न्हवता."

मग त्या सरकून जवळ आल्या. माझे हात पाण्यातून उचलले आणि पदराच्या टोकानं एकेक बोट पुसलं. त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. करायचा नसतो. त्यांचा तळवा खरखरीत होता. तो खरखरीत आहे, एवढं माझ्या बोटांना कळलं.

इथं मी रडलो असं लिहिलं तर ते शोभेल. मी रडलो नाही. त्याही दिवशी मी बस पकडली, टेबलावर बसून माल तपासला, डबा खाल्ला. पण संध्याकाळी घरी आल्यावर ईश्वरीपाशी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "तू गावाला गेलेलं मला चालणार नाही."

तिनं वहीतून मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि पुन्हा गणितं करायला लागली. पण सरकून माझ्या गुडघ्याला टेकून बसली. मामी चौकटीत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मंग तवाच म्हनायचं न्हाई का? मी उगंच तिच्या मामाला गावच्या शाळंत जाऊन इचारून ये म्हनलं." आणि भाकरी थापायला आत गेल्या.

तो उन्हाळा सरता सरता मामी पेरणीपुरत्या गावी गेल्या, एकट्याच. सुपरवायझरनी मला तपासणीच्या टेबलावर कायम केलं. माझे हात पूर्ण बरे झाले का, असं कुणी विचारलं तर मी नाही सांगतो. डाव्या हाताची करंगळी अजून खडू होते. कॉलरचं बटण अजून लागत नाही. ज्या सकाळी घाई असते त्या सकाळी बोटं पहिल्यासारखी वागतात, जसा यंदा चौकात उभा असताना अनुभव आला. पण थंडीत बाहेर असताना कितीतरी वेळा मी खिशातून हात काढून बघतो आणि बोटं नुसती गार असतात, रंग जागेवर असतो. पाण्यानं झालं, ग्राइंडर सुटल्यानं झालं की नुसत्या दिवसांनी झालं, ते फिजिओथेरपिस्टलाही ठाम सांगता आलं नाही. मनाचंही तसंच म्हणता येईल, पण त्याची कुणी नखं दाबून बघत नाही. अजून कधी कधी सणाच्या घरात बसून मी वाट बघतो की काहीतरी वाटेल. कधी वाटतं, कधी नाही. वाटतं तेव्हा आधी दुखतं.

मामी आता वर्षाचे जास्त महिने आमच्याकडंच असतात. दिवाळीनंतर येतात, पेरणीला जातात. घरात दुभाषी लागत नाही. ईश्वरी आता आजीच्या खांद्याला लागली आहे आणि कोपर बुडवून पाणी बघायचं काम तिनं घेतलं आहे. फार कडक आहे ती त्या बाबतीत, कोमट झालं तर मला उठवून लावते.

परवा रविवार होता, म्हणून उशिरापर्यंत गॅलरीत बसलो होतो. समोरची भिंत अजून तशीच आहे, कबुतरं वाढलीत. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. शाल खांद्यावर, तळहात एकमेकांवर घासत होत्या.

"माजे बी गार पडायलेत औंदा," त्या म्हणाल्या. "टोकं बघा, काळीनिळी."

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणालो.

"दाखवू की." त्यांनी बाह्या वर केल्या आणि गोणपाटाच्या कडेला, माझ्या शेजारी, गुडघे दुमडून बसल्या. "सरका जरा, पाव्हणं."

मी सरकलो. त्यांनी हात भगुन्यात घातले. पाणी काठापर्यंत चढलं आणि थोडं फरशीवर सांडलं. ईश्वरी फडकं आणायला उठत होती. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं."